बाबांचं चार्जिंगचं कार्ड

विजेची गाडी मी हौसेनं घेतली असं आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं. हौस कसली! घर रायपूरच्या गुढियारीत, ऑफिस लांब नवा रायपुरात, आणि तिकडच्या त्या ऐसपैस रस्त्यांवर बस दिसली तर थांबून तिचा फोटो काढावा अशी गत. रोजचं पेट्रोल झेपेना, म्हणून ही गाडी. घेताना एवढंच लक्षात आलं नाही, की आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तरी एकीला मागं सरावं लागतं. गाडी उभी राहते गल्लीच्या तोंडाशी, गोदामाच्या भिंतीला लागून, आणि घरातली वायर तिथवर पोचत नाही. ज्यानं त्यानं मला हे घेतल्यानंतर सांगितलं. वरातीमागून घोडं दामटायला आमच्याकडे सगळेच पटाईत.

त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा जवळच्या बाजाराच्या पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटवर जायचं, हे ठरून गेलं. मशीन जुनं आणि महालहरी. कंपनीनं एक प्लॅस्टिकचं कार्ड दिलं होतं. आधी जाडजूड केबलची गन गाडीत खुपसायची, मग मशीनच्या पोटावर कार्ड टेकवायचं. मन असलं तर हिरवा दिवा लागायचा, नसलं तर पुन्हा टेकवा.

बाबा माझ्याबरोबर पहिल्यांदा तिथे आले ते नाइलाजानं. बाबा म्हणजे रेल्वेतले मालगाडीचे रिटायर गार्ड. उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात काढला. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायचा आणि बोलणं जड झालं. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आईला आणि मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं होतं, की हे चालत राहिले तर चालतील, आणि बसले तर कायमचे बसतील. पण बाबांना चालवणार कोण? त्या बाई आल्या की डोळे मिटून घ्यायचे. आईनं हात धरला की झटकायचे. विहारात जाणं तर त्यांनी केव्हाच सोडलं, कारण तिथे प्रत्येक जण तब्येत विचारतो आणि उत्तर पुरं होईपर्यंत कोणी थांबत नाही.

त्या दिवशी आई विहारात गेली होती आणि त्यांना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. गल्लीच्या तोंडापर्यंत शेजाऱ्याच्या मदतीनं आणलं, गाडीत बसवलं आणि नेलं. माझ्या दोन्ही हातांत ती जड केबल, कार्ड दातांत धरलेलं. बाबा गाडीतून बघत होते. अचानक त्यांच्या बाजूचं दार उघडलं. दाराला धरून ते उभे राहिले, पाय ओढत आले, माझ्या तोंडातलं कार्ड डाव्या हातानं काढून घेतलं आणि मशीनला टेकवलं. दिवा लागला. मग माझ्याकडे वळून त्यांनी तो हात उंच केला आणि सावकाश हलवला, शेवटच्या डब्यातून ड्रायव्हरला दाखवतात तसा. मी खुळ्यासारखी रडायला लागले.

"रडून काहून राहिली?" ते म्हणाले. "गार्डानं झंडी देल्याबिगर ड्रायव्हर गाडी हालवत नाही. समजलं?"

तेव्हापासून ते कार्ड जुन्या ओळखपत्राच्या दोरीत अडकवून त्यांच्या गळ्यात गेलं. मी ड्रायव्हर झाले. चार्जिंगच्या दिवशी बाबा सकाळपासून तयार. दाढी करून घ्यायची, शर्ट इस्त्रीचाच पाहिजे. गल्लीतून ते भिंत धरत चालत, कोणी हात पुढे केला की म्हणत, "सरका, ड्युटीवर हाय." मशीन रुसलं की त्याला रेल्वेतल्या शिव्या देत आणि पुन्हा टेकवत. पार्किंगचा चौकीदार त्यांना "गार्ड साहब" म्हणून सलाम ठोकायचा. फिजिओथेरपीच्या बाई आश्चर्यानं विचारायच्या, की पायात ताकद कुठून आली. आई म्हणायची, "गाडी चार्ज होते तं हेही चार्ज होते." विनोद बरा नव्हता, पण आम्ही दर वेळी हसायचो.

मग कंपनी बदलली. मला मेसेज आला, की आपल्या सोयीसाठी या ठिकाणची सेवा आता नवीन ऑपरेटर चालवणार. सोयीसाठी म्हटलं की मी सावध होते, आणि ते उगाच नाही. काही दिवसांत जुनं मशीन उखडून नेलं आणि तिथे एक उंच, पांढरं, चकचकीत मशीन उभं राहिलं. बाबांनी कार्ड टेकवलं. काही नाही. पुन्हा टेकवलं. पडद्यावर एक चौकोनी कोड आणि अ‍ॅप डाउनलोड करण्याची विनंती. बाबा टेकवतच राहिले. जुन्या मशीनच्या सवयीनं त्यांना वाटलं, रुसलं असेल.

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड. "मॅम, हमारे यहाँ कार्ड की सुविधा नहीं है, पर ऐप बहुत आसान है." मी तिला सांगितलं की आमच्याकडे एक माणूस फक्त त्या कार्डासाठी चालतो. तिनं थोडं थांबून विचारलं, "मॅम, तो मैं कंप्लेंट में क्या लिखूँ?" तिची काही चूक नव्हती. मी फोन ठेवला.

बाबांना अ‍ॅप शिकवायचं ठरवलं. मोठ्या पडद्याचा मोबाइल आणला. पण डाव्या हाताच्या बोटाला कंप होता. एकदा दाबायला जावं तर दोनदा दाबलं जाई, नको ते उघडे. ओटीपी वाचून टाकेपर्यंत त्याची वेळ संपायची. चार-पाच संध्याकाळी हे चाललं. शेवटी त्यांनी मोबाइल उशीवर ठेवला आणि म्हणाले, "मले होत नाही." आजारपणात ते हे पहिल्यांदाच म्हणाले होते. पुढच्या वेळी मी एकटीच गेले. त्या आठवड्यात ते संडासापर्यंतसुद्धा आईच्या खांद्यावर भार टाकून गेले, आणि फिजिओथेरपीच्या बाईंनी तोंड वाकडं केलं.

युक्ती आईची. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता हळू आवाजात म्हणाली, "त्याइले सांग, कार्ड चालू झालं म्हणून. ते लावतीन कार्ड, तू तिकडून मोबाइलवर दाबून टाक. दिवा लागल्याशी मतलब. कोणाले काय समजते?"

मला ते पटलं. आजही वाटतं, आईच्या जागी कोणीही हेच सुचवलं असतं. आम्ही बाबांना सांगितलं, की नव्या कंपनीनं जुनी कार्डं मान्य केली. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि दाढीचं सामान मागितलं. पार्किंगमध्ये त्यांनी कार्ड टेकवलं, मी ओढणीखाली मोबाइल दाबला, आणि दिवा लागला. हात वर झाला. घरी येताना ते गल्लीतून भिंत न धरता चालले. आईनं त्या दिवशी खीर केली. इतकं सोपं होतं तर इतके दिवस का रडलो, असं मला वाटलं.

काही आठवडे छान गेले. नवं मशीन तत्पर होतं, त्याची मी तक्रार करणार नाही. पण ते चांगलं म्हणून तिथे गर्दी वाढली. एका रविवारी आमच्या मागे एक गाडी येऊन थांबली आणि तिचा मालक हॉर्नवर हात ठेवूनच बसला. बाबा नुकते गाडीतून उतरले होते. पाय ओढत, कार्ड पुढे धरून चालले होते. हॉर्न वाजतच होता. माझं डोकं फिरलं. पटकन उरकावं म्हणून मी बटण दाबलं.

दिवा लागला तेव्हा बाबा अर्ध्या वाटेत होते.

ते थांबले. कार्ड तसंच पुढे धरलेलं. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग वळून माझ्या हाताकडे पाहिलं. मोबाइल लपवायला ओढणी होती, पण मी लपवला नाही. आता लपवून काय होणार होतं? मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न थांबवला, बहुतेक आमची तोंडं पाहून. बाबा आले तसे परत गेले आणि गाडीत बसले.

घरी आल्यावर खाटेवर बसून त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"पयल्यापासून," मी म्हटलं.

आईला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"हव," आई म्हणाली. "तुमच्याचसाठी केलं न."

बाबांचे ओठ हलत होते, शब्द जुळत नव्हते. मग एकेक करून निघाले. "रेल्वेत... सिग्नल बंद असला तं चालते. माणूस थांबून राहते. खोटा सिग्नल देल्ला तं... माणसं मरतात." एवढं बोलून दोरी गळ्यातून काढायचा प्रयत्न केला. ती कानात अडकली. आईनं सोडवून दिली.

पुढच्या वेळी मी त्यांना म्हटलं, "बाबा, कार्ड जाऊ द्या. नुसते चला न माझ्यासोबत."

"कायले? गार्ड होतो मी. आता डबा होऊ काय? कोणी जोडलं का मागं मागं चाललो?"

मला राग आला. त्यांचा आला, आईचा आला, त्या हॉर्नवाल्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या चकचकीत मशीनचा, ज्यानं आमचं काहीच वाकडं केलं नव्हतं. त्या रागातच मी शोधायला लागले. ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं, की नवा रायपुरात एका ठिकाणी तिसऱ्याच कंपनीचे पॉइंट आहेत आणि ते मागितलं तर कार्ड देतात. दुपारच्या सुटीत गेले. तिथे चिटपाखरू नव्हतं, नुसता रुंद रस्ता आणि ऊन. कार्ड मागवलं, ते टपालानं घरी आलं, मग पुन्हा तिथे जाऊन आधी स्वतः टेकवून पाहिलं. दिवा लागला. मोबाइल मुद्दाम गाडीत ठेवला होता. मी तिथेच ठरवलं, की आता चार्जिंग इथेच करायचं, गुढियारीपासून कितीही लांब पडलं तरी. बाबांसाठी मी कोणत्याही कंपनीकडे जायला तयार होते.

संध्याकाळी कार्ड त्यांच्या डाव्या हातात ठेवलं. "बाबा, हे खरं हाय. रविवारी जाऊ. मी मोबाइल घरीच ठेवते. आईपाशी देऊन ठेवते."

त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "खरं हाय?"

"खरं हाय."

"मागच्या वेळीबी तू असंच म्हणलं होतं."

मी शपथ घेतली. आईनंही घेतली. पण आम्हा दोघींच्या शपथेची काय किंमत होती? कार्ड खरं आहे हे कळायला त्यांनी उठून ते टेकवायला हवं, आणि खरं आहे हे कळल्याशिवाय ते उठणार नव्हते. त्यांनी कार्ड मला परत दिलं, फेकलं नाही की रागावले नाहीत. रागावले असते तर मला काहीतरी करता आलं असतं.

ती दिवाळीच्या आधीची गोष्ट. आता ते खाटेवरच असतात. फिजिओथेरपीच्या बाईंनी येणं थांबवलं, त्याआधी आईला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची ते शिकवून गेल्या. मी नवा रायपुरातच गाडी चार्ज करते. कार्ड मीच टेकवते, आणि ते एकदाही अडत नाही.

घरी आल्यावर मी त्यांच्याजवळ बसते आणि सांगते. सवयच लागली आहे. परवाही सांगितलं, "बाबा, आज कार्डानंच चालू झालं. मोबाइल काढलासुद्धा नाही."

त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. "हव बेटा," ते म्हणाले, "झालं असन."

तो सूर मी लगेच ओळखला. आजारी माणसाचं मन राखायला आपण जो लावतो, तोच. ते माझं मन राखत होते. मी "हव" म्हणाले आणि आईला हाक मारली, कारण त्यांची कूस बदलायची वेळ झाली होती.