नुसते ओठ हलव

“तू पुढे उभी राहा, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन. पण गायचं नाही. नुसते ओठ हलव.”

समूहगानाच्या बाईंनी हे मला सगळ्यांदेखत सांगितलं. पेटीवरची बोटंसुद्धा न उचलता. डॉक्टरीणबाई होत्या, शाळेतल्या मॅडम होत्या, बँकेतल्या दोघी होत्या. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू माझी सोयच लावली होती.

मी मालवणच्या बाजारात मासे विकते. मे महिन्यापुरतं समूहगान, गावातल्या कुठल्याही बाईने यावं, असा मेसेज मोबाईलवर आला तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा वाचला. कुठल्याही बाईने. म्हणजे मीही. लहानपणापासून गायची हौस, पण असं कोणी कधी बोलावलं नव्हतं. मग रोज दुपारी पाटी धुवायची, अंघोळ करायची, ठेवणीतली साडी नेसायची आणि सभागृह गाठायचं. तिथे सगळ्या शुद्ध बोलायच्या. मीही जीभ वळवून तसंच बोलायचे.

मग बाईंना शेवटच्या कार्यक्रमासाठी रापणीचं गाणं हवं झालं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. दोर ओढताना आम्ही गातो. मी शब्द दिले, चाल दिली. बाई खूश. आणि मुख्य आवाज दिला पुण्याहून सुट्टीला आलेल्या आपल्या भाचीला.

“तुझा आवाज रांगडा आहे गं. सगळ्यांच्या वर जातो.”

गाणं आमचं. पाटी आमची. साड्यासुद्धा सगळ्या आमच्यासारख्या नेसणार. नको होता तो फक्त आमचा आवाज.

तरी मी गप्प बसले. काही बोलले तर काढून टाकतील, ही भीती. फोटोत तरी दिसेन, अशी स्वतःची समजूत घातली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वाडीसमोर रापण लागली. मी दोर धरला. सगळे गात होते. माझे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला कळलंसुद्धा नाही. एका रात्रीत सवय लागली होती मला. पुढे दोर ओढणाऱ्या सासूने मागे वळून बघितलं.

“खंय गेलो गो तुजो आवाज?”

डोळ्यांत पाणी आलं. रागाचं. मी तिला सगळं सांगून टाकलं. ती दोर ओढत राहिली. जाळं वर आलं, मासळीचे वाटे पडले. आमच्या रापणीत दोराला हात लावेल त्याला वाटा मिळतो, मग तो वाटेने जाणारा परका का असेना. सासूने माझा वाटा उचलून माझ्या पाटीत टाकला.

“ह्यो काय उपकार न्हय. तू दोर वडलंस.”

संध्याकाळी तालमीला गेले. पाटी डोक्यावर घेतली नाही, पायाशी ठेवली. पेटी सुरू झाली आणि मी गायले. पूर्ण गळ्याने. भाची मध्येच थांबली. बाईंनी पेटी बंद केली.

“मी तुला काय सांगितलं होतं?”

त्या सभागृहात मी पहिल्यांदाच माझ्या बोलीत बोलले. “बाई, दोराक हात लावलेल्या माणसाक आमच्यात कोण गप रव म्हणून सांगना नाय.”

मग कार्यक्रमाला यायची गरज नाही, असं बाईंनी सुनावलं. डॉक्टरीणबाई खाली बघत राहिल्या. कालपर्यंत हे ऐकून मी माफी मागितली असती. मी पाटी उचलली आणि सावकाश चालत बाहेर पडले.

कार्यक्रम शनिवारी आहे. मी जाणार आहे. काढायचं असेल तर मला सगळ्या गावासमोर काढा, आणि का काढलं तेही मोठ्याने सांगा. मी पहिल्या रांगेत उभी राहणार. तोंड उघडणार. गाणं संपेपर्यंत मिटणार नाही.

पाटी घरी राहील.