पत्ता मिरजगावचा
वेखंडाचा वास आला की मला ती कुंची आठवते. केडगावच्या घरी मी बाळंतविडे शिवून ऑनलाइन विकते, आणि प्रत्येक पार्सलात वेखंडाची पुरचुंडी ठेवते. एकदा एका बाईची कुंचीची ऑर्डर आली, पत्ता पुण्याचा. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, कुंची मिरजगावला पाठवा. नाव तेच, आडनाव मात्र वेगळं. ऑर्डरवरचा पत्ता सोडून दुसरीकडे पाठवलं आणि उद्या कुणी 'मिळालंच नाही' म्हणालं, तर भुर्दंड मला. शेवटी ऑर्डरवरच्या नंबरला फोन लावला. उचलला एका वयस्कर माणसानं. "व्हय, लेक हाय माझी. बाळंतपणाला आलीय हितं." म्हणजे ते माहेरचं आडनाव! माझा जीव भांड्यात पडला, आणि हलक्या मनानं मी बोलून गेले, "मग पुढच्या ऑर्डरसाठी पुण्याचा पत्ताही राहू देते, सव्वा महिन्यानं जाईलच ना ती?" पलीकडं बाळ रडत होतं. तो माणूस म्हणाला, "न्हाई ताई. पुण्याचा खोडून टाका. आता हितलाच लिवा." अजूनही दोन पत्ते दिसले की मी घाबरून फोन करते, पण कुठला धरू एवढंच विचारते, का बदलला ते विचारत नाही.