थूसाहेबांची चूळ

आमचे थूसाहेब टँकरचं पाणी तोंडात घेऊन थुंकायचे. टँकर साइटवर आला की नळाखाली ओंजळ धरायची, घोटभर पाणी गालांत खळखळवायचं, डोळे मिटून थांबायचं आणि मग एकतर गिळायचं, नाहीतर सगळ्यांदेखत पचकन थुंकायचं. गिळलं तर टँकर रिकामा करून घ्यायचा, थुंकलं तर आल्या वाटेनं परत. त्या नळाला शेवाळ असे. मी तेव्हा नवाकोरा इंजिनिअर. पहिल्या दिवशी तो प्रकार पाहून सकाळी आर्णीत खाल्लेला आलुबोंडा माझ्या घशाशी आला होता.

ते आमच्या पुलाच्या कामाचे मॅनेजर. नाल्याच्या अलीकडे रस्ता, पलीकडे तांडा. पूर आला की तांड्यातल्या अडलेल्या बाईला खाटेवर घालून काठापर्यंत आणायचं आणि पाणी उतरायची वाट पाहत बसायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. म्हणून हा पूल हवा होता, आणि तो टिकायलाही हवा होता.

पाण्याचा तपासणी अहवाल आपल्याकडे आहे, मग ही घाण कशाला, असं मी एकदा धीर करून विचारलं. साहेब शांतपणे म्हणाले, "अहवाल बाटलीतल्या पाण्याचा असते बाप्पा, टँकरातल्या नाही. जे पाणी मले पिववत नाही, ते सिमेंटनं काहून प्यावं?"

स्वतः ते कमालीचे किळसखोर होते, हे मला उशिरा कळलं. फळ्या काढल्यावर काँक्रीटमध्ये भोकं दिसली की त्या दिवशी डबा उघडायचे नाहीत. नासलेल्या कामाजवळ घास उतरत नाही म्हणायचे. आम्ही त्याच भोकांवर सिमेंटचा हात फिरवून पोटभर जेवत असू.

खांबाच्या माथ्याचं काँक्रीट होतं त्या दिवशी गावचे पुढारी नारळ घेऊन आले होते. टँकर लागला. पांढरे बूट घातलेला आमचा ठेकेदार कौतुकानं म्हणाला, "घ्या साहेब, एकदम गोड पाणी हाये." आपल्याकडे चांगल्या विहिरीच्या पाण्याला गोडच म्हणतात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. साहेबांनी बराच वेळ चूळ घोळवली आणि थुंकली. शिंतोडे पांढऱ्या बुटांवर गेले.

"गोडच हाये," ते म्हणाले. "म्हणूनच नको."

ड्रायव्हरला खोदून विचारलं तेव्हा कळलं, आदल्या दिवशी त्याच टँकरमधून साखर कारखान्याची मळी वाहिली होती आणि नंतर तो नुसता विसळला होता. साखर मिसळली की काँक्रीट नीट आळत नाही. काम थांबलं. पुढारी नारळ न फोडताच गाडीत बसले.

थोड्याच दिवसांत साहेबांच्या बदलीचा कागद आला. ठेकेदारानं साइटवर पेढे वाटले आणि आमच्या माणसांनी ते बोटं चाटून खाल्ले. मला त्या पेढ्यांची, त्या बोटांची इतकी शिसारी आली की तेवढी शेवाळाचीही कधी आली नव्हती. दिग्रसच्या एसटी स्टँडवर साहेबांना सोडायला मी एकटाच गेलो. गाडीत चढताना ते म्हणाले, "तुले थुंकायची लाज वाटते. तांड्यातल्या बाया पुलाची वाट पाहून राह्यल्या. लाज सोड आता."

दुसऱ्या दिवशी तोच टँकर आला. धुतला आहे, असं ठेकेदारानं हसत सांगितलं. नवे मॅनेजर अजून यायचे होते, म्हणून सगळे माझ्याकडे पाहत होते. मी ओंजळ धरली. बुळबुळीत शेवाळ बोटांना लागलं, तरी घोट तोंडात घेतला. आधी गंजाची चव आली. मग जिभेच्या टोकाला, अगदी मागाहून, गोड लागलं.

मी थुंकलो. ड्रायव्हरनं टँकर वळवला. ठेकेदार खाली वाकून बूट पुसत राहिला आणि मला ऐकू जाईल असं म्हणाला, "गेला, पण आपली घाण इथंच ठेवून गेला."