कुसळांचा डबा

गावाहून बिरप्पाचा फोन आला तेव्हा मी महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशअर्ज तपासत होतो. "अण्णा गेले," तो म्हणाला. "सकाळीच गेले. तुमी येणार न्हवं?" येतो म्हणालो, फोन ठेवला आणि समोरचा गठ्ठा संपवला. एकेका अर्जावर 'मूळ कागदपत्रांवरून पडताळले' असा शिक्का मारून खाली सही करत होतो. तासभर तरी गेला असेल. मग वळसंगकडे जाणारी एसटी धरली. हे आधी सांगतोय, कारण पुढे जे सांगायचंय त्यात माझी हीच रीत दिसेल... समोर काहीही घडलं तरी कागद पुरे करायचे.

पोचलो तेव्हा अण्णांना शेतात आणलं होतं. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे मांडी घालून बसवलेले, कपाळावर विभूती, गळ्यात बेलाची पानं. शेताच्या बांधावर उभं राहिलं की समोर गावचं गायरान दिसतं, ज्याला आम्ही नुसतं 'माळ' म्हणायचो. मूठमूठ माती टाकायला माणसं पुढे होत होती. मी मागेच राहिलो. बिरप्पानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पण बोलावलं नाही.

अण्णा म्हणजे शिवलिंगप्पा बिराजदार. वळसंगच्या पुढच्या एका खेड्यात टपाल वाटण्यात त्यांची उभी नोकरी गेली. घरात कन्नड, टपालात मराठी, आणि दोन्हींतून चालणारे पाय. वाडी-वस्तीवर पत्रं द्यायला ते रोज हा माळ तुडवायचे. त्यातून त्यांना माळाचं वेड लागलं. निवृत्तीनंतर आठ-दहा जणांना गोळा करून त्यांनी 'माळराखण मंडळ' काढलं. ते अध्यक्ष. कागद लिहिणारा कुणीतरी हवा, म्हणून मी चिटणीस. जमीन सरकारी, म्हणजे सगळ्यांची. आणि सगळ्यांच्या वस्तूचं जे होतं ते तिचं होत होतं. कुणी मुरूम उचलायचं, कुणी पेटवून द्यायचं, कुणी कडेचं चार फूट नांगरून आपल्या शेतात घ्यायचं. हे थांबवायचं तर बारमाही राखणदार हवा, वणवा अडवायला उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायला हव्यात, जनावरांची पाण्याची डोण दुरुस्त हवी. सगळ्याला पैसा लागतो, आणि लोकांच्या जमिनीसाठी पैसा द्यायला लोक सगळ्यांत शेवटी खिशात हात घालतात.

अण्णांनी त्यावर दोन वाटा काढल्या होत्या. नागपंचमीपासून दसऱ्यापर्यंत माळ चराईला बंद. मग कापणी, आणि गवत नेणाऱ्या प्रत्येक घरानं दहा पेंड्यांमागे एक मंडळाला द्यायची. ती सोलापूरच्या गोठ्यांना विकायची. दुसरी वाट देणगीची. पण तिला एक अट होती: देणाऱ्यानं आधी माळाच्या शिवेवरून पुरी फेरी मारायची. पायी, अण्णांबरोबर. फेरी नाही तर पैसा नाही. टपालवाल्याचं ते तत्त्वच होतं... "चालल्याबिगर जमीन कळत न्हाय, आन् न कळता दिलेला पैसा जमिनीला लागत न्हाय."

चादरींचा कारखाना असलेले सोलापूरचे एक शेठ चेक खिशात घेऊनच आले होते. अर्ध्या शिवेवर बाभळीखाली बसले. "अण्णा, जीव जातोय हो. हा चेक घ्या की, आणि सोडा मला."

"अर्धं चालला न्हवं तुमी? मग अर्ध्याचाच फाडा."

शेठ हसत हसत उठले आणि चिडत चिडत पुरी फेरी चालले. पुढे दर वर्षी येत राहिले, येताना जुने बूट घालून.

फेरीवरून परत आलं की अण्णांच्या उंबऱ्यावर बसून कुसळं काढायची. माळावरच्या कुसळी गवताचं बी भाल्यासारखं टोकदार असतं. मोज्यांत, धोतरात, पँटच्या दुमडीत शेकड्यानं घुसतं. पाहुण्यांनाही सुटका नव्हती. अण्णा ती एकेक उपटून बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि पुढच्या फेरीला माळाच्या उघड्या टकलांवर पेरायचे. एकदा तळहातावर कुसळ ठेवून त्यावर त्यांनी थुंकीचा थेंब सोडला. बघता बघता कुसळाचा पीळ उलगडायला लागला, आणि ते गोल फिरू लागलं. "बग. ओल लागली की आपणहून जमिनीत शिरतंय. हेला खड्डा लागत न्हाय." आतून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओरडायच्या, "साकु, आता जेवा! हेंचं लगीन गवताशी लागलंय, मला नुस्तं भाकरी थापाय आणलंय." साकु म्हणजे पुरे. अण्णांना कुणाचंच 'पुरे' ऐकू यायचं नाही.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं ओढ दिली. गवतच नाही तर पेंड्या कुठल्या? फेरीला येणारी माणसंही आटली. राखणदार बिरप्पा, स्वतः मेंढरं पाळणारा, महिनोन्‌महिने पगाराशिवाय माळ राखत होता. एक दिवस मला म्हणाला, "शरदभाऊ, सोलापुरात बंगल्यावर वाचमन म्हणून बलावत्यात. तितं बसाय सावली तरी हाय." तो गेला असता तर पहिल्याच उन्हाळ्यात माळ पेटला असता. हे कारण मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं नाही. पण पुरं खरंही नाही. खरं हे, की दारोदार मागून मी कंटाळलो होतो, आणि पुण्याच्या एका कंपनीच्या गार खोलीत एका अधिकाऱ्यानं मला खुर्ची देऊन 'सर' म्हटलं होतं.

त्यांच्याकडे समाजकार्यासाठी निधी होता. अडचण एकच. "गवत दाखवता येत नाही हो, सर. वर विचारतात, झाडं किती? आणि जमीन पडीक हवी. चांगल्या जमिनीला पैसे कशाला देतील?"

मी वैशाखात माळावर गेलो. कापणी झालेली, जनावरं चरून गेलेली, माती भाजलेली. अण्णा देणगीदारांना माळ दाखवायचे ते नवरात्रानंतर, गवत कमरेला लागतं तेव्हा. मी फोटो काढले ते भर उन्हाळ्यात. एका फोटोच्या कडेला बिरप्पाची मेंढरं आली होती, खाली मान घालून चरणारी. ती मी कापून टाकली. अर्जात इंग्रजीत लिहिलं: जमीन पडीक, नापीक, कोणत्याही वापरात नसलेली. आणि त्यावर अध्यक्षांची सही हवी होती.

अण्णा उंबऱ्यावरच बसले होते. कागद हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला.

"काय लिवलंय?"

"राखणीचे पैसे मिळतील, अण्णा. थोडी झाडं लावायची."

"माळावर झाडं?"

"कडेला."

"ती लोकं फेरी मारून गेली?"

"येणार आहेत."

त्यांनी पेन घेतलं. मग थांबले. "मला इंग्रजीत पत्ता वाचता येतोय, शरद. पत्र न्हाय. पत्र तू वाचलंयस न्हवं?"

"वाचलंय."

त्यांनी सही केली. टपालातल्या सवयीनं खाली तारीखही घातली.

पैसे आले, आणि त्यांच्यामागून यंत्रही आलं. माळाच्या मधोमध, ओळीनं खड्डे. अण्णा दिवसभर उभं राहून बघत होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "कडेला म्हनालास की." बिरप्पाला पगार वेळेवर मिळायला लागला. तो मला म्हणाला, "पगार टायमात हाय, खरं राखू काय? खड्डे?" खडकाळ माळ, वर वीतभर माती. झाडं पहिल्या उन्हाळ्यातच गेली. खड्ड्यांतून निघालेला मुरूम गवतावर पसरला, तिथं गवतही आलं नाही. कंपनीकडे मात्र रोपं लावतानाचे फोटो पोचले होते. तेही मीच काढलेले.

इथवर थांबलं असतं तरी मी कदाचित हा लेख लिहिला नसता. पण दोन वर्षांनी बातमी आली की माळ सौर प्रकल्पाला द्यायचं चाललंय. गावानं हरकत घेतली. सुनावणीला अण्णा धुतलेलं धोतर नेसून आले. पिशवीत गवताची एक पेंडी, साहेबांना दाखवायला. ते चांगलं बोलले. या माळावर किती जनावरं जगतात, पावसाळ्यात कोणते पक्षी अंडी घालतात, कोणत्या ओघळीनं पाणी कुठल्या विहिरीत उतरतं. अधिकाऱ्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी फायलीतून काही कागद काढून त्यांच्यापुढे सरकवले. माझे फोटो होते. माझा अर्ज होता. तिथं कसा पोचला, देव जाणे. कागद मुक्कामाला पोचतातच.

"बिराजदार, तुमच्याच संस्थेनं लिहून दिलंय, जमीन पडीक आहे, कोणत्याही वापरात नाही. ही सही तुमची का?"

अण्णांनी चष्मा लावला. सगळे फोटो एकेक करून पाहिले. मेंढरं कापलेल्या फोटोवर त्यांचं बोट थोडं रेंगाळलं. तिथं काय असायला हवं ते त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर बसलो होतो. 'मला इंग्रजी येत नाही, यानं माझी सही घेतली', एवढं एक वाक्य त्यांना पुरलं असतं. मलाही एक वाक्य पुरलं असतं... ते माझ्या तोंडाशी आलं होतं, असंही मी म्हणणार नाही. आलं नव्हतं.

"व्हय," अण्णा म्हणाले. "सही माजीच हाय."

"मग खरं काय समजायचं? हे, की आज बोलताय ते?"

अण्णांनी पेंडी पिशवीत परत घातली.

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. त्यांनी नेहमीसारखा अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली. मी प्यायलो. त्या दिवसापासून जाईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. कदाचित म्हणूनच दिल्या नाहीत, असं कधी वाटतं. मग वाटतं, नाही, एवढा हिशेबी स्वभाव माझा, त्यांचा नाही. पुढे ते अंथरुणाला लागले आणि माझं जाणं कमी कमी होत गेलं. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "फेरी मारतोस न्हवं?" मी हो म्हणालो. वर्षभरात मी माळावर पाऊल टाकलं नव्हतं.

अण्णा गेल्यावर तीन आठवड्यांनी अक्कांकडे गेलो. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, शेजारी तो डबा. "तुला द्या म्हनले हुते," त्या म्हणाल्या. मी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी झाकणावर हात ठेवला. "त्येंनी कुनाला काय सांगितलं न्हाय. खरं मला ठावं हाय, शरद. चाळीस वर्सं संसार केलाय. ज्या मानसानं दुसऱ्याचं पत्र कदी फोडलं न्हाय, त्यो खोटं कुटनं लिवंल?" मी पुढे केलेला हात मागे घेतला. "आता तूच सांग की. मला नगं. जितं सांगाय पायजे, तितं."

दोन दिवसांनी, सुनावणी झाली होती त्याच कचेरीत, मी लेखी जबाब दिला: अर्ज मी लिहिला, मजकूर खोटा, अध्यक्षांना तो वाचून दाखवला नाही, सोबत मेंढरांसकट मूळ फोटो. कारकुनानं पोच दिली आणि म्हणाला, "फाइल पुढे गेली हो साहेब. लवकर आणायचं होतं." मंडळातल्या दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. बाकीच्यांना हा लेख वाचून कळेल.

मग मी फेरीला निघालो. शिवेवरचा वारा तसाच होता. दक्षिणेची बाजू, उताराची, अजून शाबूत आहे. तिथं गवत गुडघ्याला लागलं. अर्ध्यावर, शेठ बसले होते त्या बाभळीपुढे, सौर प्रकल्पाच्या कुंपणाचे सिमेंटचे खांब रोवलेले दिसले. शिटी वाजली. नवा करडा गणवेश, डोक्यावर टोपी, हातात काठी... बिरप्पा होता. मेंढरं विकल्याचं मला माहीत होतं, हे नव्हतं.

"शरदभाऊ, म्होरं सोडू नगं म्हनत्यात," तो म्हणाला. मग खांबांकडे न बघता हळूच म्हणाला, "पगार टायमात हाय."

मी परत फिरलो. अण्णांच्या उंबऱ्यावर बसून मोज्यांतली कुसळं काढली, एकेक करून डब्यात टाकली. डब्यात तळापुरतीच कुसळं होती. शेवटच्या आजारात त्यांना पेरायला जमलं नव्हतं आणि वेचायलाही. अक्का आतून आल्या.

"पुरी झाली फेरी?"

"नाही अक्का. अर्धीच."

त्यांनी झाकण दाबून बसवलं आणि डबा उचलून स्वतःकडे घेतला. "मग हितंच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पुरी झाली की ने."

डबा अजून त्यांच्या उंबऱ्याशी आहे.