काचेची पेटी

आमच्या मंगळवार पेठेत कुणी मयत झालं की प्रेत ठेवायची काचेची थंड पेटी घेऊन तो पेटीवालाच येतो. पेटी चालू करायची आणि खांद्यावरचा टॉवेल घेऊन उशाशी उभं राहायचं. कुणी रडत वाकलं की काचेवर वाफ धरते. तो लगेच पुसतो. मला त्या पुसण्याचा राग यायचा.

त्याचा आवाज मयताच्या घरातसुद्धा खणखणीत. "आम्हा मुसलमानांत ठेवत न्हाईत. तोंड दाखवलं की उचलत्यात. ख्रिस्ती लोक मयताला सूट घालून पेटी उघडी ठेवत्यात. लिंगायतांत बसवून नेत्यात. तुमच्यातच पोरांची वाट बघत्यात की!"

माझी बायको गेली तेव्हा मुलगा कॅनडात होता. त्याच्यासाठी पेटी रात्रभर घरघरत राहिली. सकाळी त्याचा फोन आला, "बाबा, जमत नाही. व्हिडिओवर दाखवा."

मला व्हिडिओ लावता येईना, म्हणून पेटीवाल्यानंच मोबाईल घेतला. काचेत ट्यूबलाइट चमकत होती, तिचं तोंड दिसेना. त्यानं झाकण उचललं आणि मोबाईल तिच्या तोंडाजवळ धरला. "दिसतंय का रे? नीट बघून घे!" तो ओरडला. पलीकडे मुलगा हुंदके देत होता. फोन बंद झाल्यावर त्यानं सवयीनं मोबाईलची काच पुसली आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

परवा चहाच्या गाड्यावर भेटला.

"पोरगा आलता का मधी?"

"नाही."

"येणार हाय?"

मी कपात बघत राहिलो. तो पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "मग काका, तुमाला पेटी लागायची न्हाय."