पानफुटीचं पान

शब्दकोशात काल पानफुटीचं पान सापडलं. माझी बायको सुमती मागच्या महिन्यात गेली, त्याच्या थोडे दिवस आधी तिच्याच सांगण्यावरून मी ते तिथं ठेवलं होतं. माती नाही, पाणी नाही, तरी कडेच्या खाचांतून दोन फिकट कोंब फुटले होते.

सुमतीच्या हातापायांतली शक्ती तीन वर्षं हळूहळू जात होती. मी स्टेम सेलच्या बातम्या वर्तमानपत्रातून कापून डॉक्टरांकडे नेत असे. “काका, उंदरांवर जमलंय. माणसांना अजून वेळ आहे,” ते म्हणत. “मग पुढचा जन्म उंदराचाच मागते,” असं ती एकदा म्हणाली, तेव्हा डॉक्टरही हसले.

एका पेशीतून अख्खा देह घडवणं आपल्या शरीरालाही एकदा जमलेलं असतं. मग ते विसरतं. पानाच्या कडेला मात्र ते शेवटपर्यंत आठवत राहतं.

आज पुन्हा बातमी होती. संशोधन आणखी पुढे सरकलं आहे. मी ती सावकाश, पूर्ण वाचली. कुणाची तरी बायको यामुळे उठून बसेल, हे मला कळत होतं. तरी हे इतक्यात जमू नये, निदान या वर्षी तरी नको, असं माझ्या मनात आलं.