जाळ्याचं चौथं टोक

बोईसरला नोकरी लागून महिना झाला तरी मी समुद्र पाहिला नव्हता. आमचं गाव माणदेशातलं. घरात बी. ए. झालेला मी पहिला, आणि समुद्र पाहणाराही मीच पहिला ठरणार होतो. वडिलांना पत्रात काय लिहायचं ते मी आधीच मनाशी जुळवून ठेवलं होतं. तारापूरच्या बाजूला मोठं बांधकाम सुरू झालं होतं. तिथल्या गुदामात मी कारकून होतो. सुट्टी फक्त रविवारी. मे महिन्याच्या अखेरच्या रविवारी सकाळी मी चालत समुद्रकाठच्या दांडी गावाला निघालो.

वारा अजिबात नव्हता. ताडाची एकही झावळी हलत नव्हती. दांडीत पोचलो तेव्हा गावातले पुरुष आणि बाया मिळून होड्या किनाऱ्यावरून आणखी वर, थेट घरांपाशी ओढत होत्या. कुणी हाका मारत नव्हतं, कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. पाणी गढूळ, तांबूस दिसत होतं. लाटा न फुटताच फुगून वर येत होत्या. मला वाटलं, समुद्र असाच असतो. मी एका ओंडक्यावर बसून भाकरी खाल्ली.

दुपारी अंधारून आलं आणि वारा सुटला. वाळू तोंडावर सुयांसारखी टोचू लागली. पळत सुटलो तर धड पळताही येईना. वाळूच्या कडेला शेवटचं एक घर होतं. कुडाच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, आणि ते उडू नये म्हणून वरून मासेमारीचं जुनं जाळं टाकलेलं. जाळ्याची चार टोकं दोरांनी जमिनीतल्या खुंटांना बांधली होती. चौथा खुंट उपटला होता आणि एक म्हातारा तो दोर छातीशी धरून मागे रेलला होता.

"बगतोस काय? धर!"

मी धरला. तो खुंट ठोकायला गेला, पण भुसभुशीत वाळूत खुंट टिकेना. तेवढ्यात शेजारचाही उपटला. मग एक दोर त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

"घरात कोणी आहे का, काका?" मी ओरडून विचारलं.

"सून हाय. परवा बालंत झाली. पोरगा पालघरला गेलाय तिच्या आयेला आनायला. वारा जरा पडला का शालंत नेऊ तिला. तवर छप्पर राहिलं पायजे."

मी दोराचे दोन वेढे मनगटाला दिले. वडिलांनी तसंच शिकवलं होतं. मारक्या खोंडाचा कासरा हाताला गुंडाळूनच धरायचा, नाहीतर हिसडा देऊन जनावर पळतं. म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि तिथूनच शिवी हासडली.

"गुंडाललास कशाला? हात तुटेल, हात! बैल बांधलाय काय वर? कमरेमागनं घे. सोड म्हनलं का सुटला पायजे!"

"निसटला तर?"

"निसटला तर निसटला. शालंत एवडं पन शिकवलं नाय?"

मी दोर कमरेमागून घेतला.

"गाव कुठला तुजा?"

"माणदेशातला. आमच्याकडे विहिरीलासुद्धा पाणी नसतं."

"मंग आज पोटभर बगून घे!"

तो हसला, मीही हसलो. आतून बाईचा आवाज आला, "आबा, कोनाशी बोलता?"

"पावना हाय!"

"त्याला सांगा, आज च्या नाय मिलनार!"

मग वारा आणखी चढला. किती वेळ गेला सांगता येत नाही. तळहात सोलवटले, त्यांत खारं पाणी झोंबत होतं. पाऊस आडवा येत होता आणि समुद्राचा आवाज दर खेपेला जवळून येत होता. माझ्या डोक्यात एवढंच होतं, आत दोन दिवसांचं मूल आहे आणि दोर सुटता कामा नये. त्या भीतीपोटी मी तो पुन्हा मनगटाला कधी गुंडाळला, मला कळलंच नाही.

मग छपराखालून वारा शिरला. जाळं शिडासारखं फुगलं. आढं वर उचललं गेलं आणि त्याच्याबरोबर छप्पर पेलणाऱ्या मेढी जमिनीत हलू लागल्या.

"सोड! सोड!" म्हातारा ओरडला. त्यानं स्वतःचा दोर सोडलासुद्धा. छप्पर एकटं गेलं तर गेलं, पण जाळ्यानं धरून ठेवलं तर आख्खं घर सुनेच्या अंगावर येणार, हे त्याला दिसलं होतं. मला सोडता येईना. वेढे मनगटात रुतले होते. पाय जमिनीवरून उचलले गेले आणि मी भिंतीकडे ओढला गेलो. म्हातारा कमरेचा कोयता काढून धावला. दोर तुटला, आणि त्याच झटक्यात वरून सुटलेला एक वासा त्याच्या खांद्यावर बसला.

छप्पर गेलं. ते कुठे पडलं तेही दिसलं नाही. भिंती उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याचा डावा हात लोंबत होता. माझ्यामुळे. मी काही बोलणार, तोच तो म्हणाला, "तुजे हात शाबूत हायत ना? मंग पोरीला उचल."

वारा एकाएकी पडला होता. आभाळ पिवळट झालं.

"हा परत येल. दुसऱ्या अंगानं येल," तो म्हणाला. "चल, बिगीनं."

ती खाटेखाली मुलाला पोटाशी घेऊन पडली होती. आमच्याकडे दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही. मी उंबऱ्याशीच थांबलो.

"काय रे भावा, इटाल धरतोस?" ती म्हणाली. "घराला छप्पर नाय, आनि तू उंबरा धरून उबा!"

मी तिला पाठीवर घेतलं. म्हाताऱ्यानं नातवाला गोधडीत गुंडाळून उजव्या हातानं छातीशी धरलं. वाटेवर गुडघ्याएवढं पाणी आलं होतं. वाटभर ते मूल एकदाही रडलं नाही. आम्ही तिघांनीही त्याचा विषय काढला नाही.

शाळेची इमारत दगडी होती आणि गाव आत दाटलं होतं. बायांनी तिला कोपऱ्यात घेतलं, भोवती लुगड्याचा आडोसा केला. गोधडी उलगडताना मला मुलाचे ओठ दिसले. निळे होते. तिनं ओलं कापड फेकून त्याला तसंच अंगाशी घेतलं. मी तोंड फिरवलं.

तेवढ्यात वारा परत आला, जमिनीच्या बाजूनं, पहिल्यापेक्षा जोराचा. दार आत ढकललं जाऊ लागलं. आम्ही पुरुषांनी दाराला पाठी लावल्या. म्हातारा माझ्या शेजारी होता, चांगला खांदा फळीला टेकवून, डोळे मिटून. त्याच्या हाताकडे बघायचं मला धाडस होत नव्हतं. कोपऱ्यातून एक कौल फुटल्याचा आवाज आला. लहान मुलं रडत होती, पण त्यांत आमचं नव्हतं.

फार वेळानं आडोशाआडून तिचा आवाज आला.

"पितंय."

वाऱ्यात म्हाताऱ्याला ते ऐकू गेलं नसावं. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "पितंय, आबा! पितंय!"

त्यानं डोळे उघडले नाहीत. नुसती मान हलवली आणि दाराला खांदा आणखी जोरात रेटला.